गाव बंद, शेत चालू

६ मार्च २०२० रोजी अर्थमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत राज्याचा अर्थसंकल्प मांडला. महसुली तूट ९,५११ कोटी रुपयांची होती. शेतकऱ्यांची दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी नुकतीच सुरू झाली होती, दहा रुपयांच्या शिवभोजन थाळीसाठी तरतूद होती आणि मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत होती. नव्या आघाडी सरकारचा पहिलाच अर्थसंकल्प जसा असायचा तसाच तो होता. तीन दिवसांनी, ९ मार्चला, दुबईहून पुण्यात परतलेले दोघे कोरोनाबाधित असल्याचे निष्पन्न झाले. महाराष्ट्रातले हे पहिले रुग्ण. त्यानंतर आठवडाभरातच अधिवेशन मुदतीआधी आटोपते घ्यावे लागले आणि मांडलेल्या आकड्यांचा आधार निघून गेला.

१३ मार्चपासून राज्याने साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला. हा कायदा १८९७ सालचा, मुंबई-पुण्यात प्लेग पसरला तेव्हाचा. माणसांना अडवण्याचे, तपासण्याचे, वेगळे ठेवण्याचे अधिकार तो सरकारला देतो. अडवलेल्या माणसाने खायचे काय, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. पुण्याने त्या कायद्याचा अनुभव प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या रँडसाहेबाच्या काळात घेतला होता. २०२० साली तोच कायदा हातात घेताना सरकारपुढे एक जास्तीचा प्रश्न होता. २२ मार्चचा जनता कर्फ्यू, २३ मार्चची राज्यातली संचारबंदी आणि २४ च्या मध्यरात्रीपासूनची देशव्यापी टाळेबंदी, अशा तीन दिवसांत सगळे व्यवहार थांबले. रोजची मिळकत बंद झालेल्यांना जगवायचे कसे, आणि उद्या गाडे पुन्हा रुळावर यायचे तर आज काय चालू ठेवायचे? या प्रश्नाची उत्तरे सरकारने तुकड्यातुकड्यांत दिली. ती कुठे लागू पडली आणि कुठे नाही, हे पुणे जिल्ह्यातल्या बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत स्पष्ट दिसते.

या भागाची घडणच एका जुन्या संकटातून झाली आहे. १८७६-७८ च्या दुष्काळाने भीमा-नीरेच्या दुआबाची दैना केली, आणि त्या अनुभवातून नीरा डाव्या कालव्याच्या कामाला गती आली. पुढच्या दशकात कालव्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या शिवारात पोचले. कालव्याखाली ऊस आला, उसामागून गूळ, गुळामागून साखर कारखाने. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडे कर्मयोगी आणि नीरा-भीमा. जिथे पाणी पोचले नाही त्या सुपे-मोरगावच्या आणि इंदापूरच्या जिरायत पट्ट्यात माणसांनी गाई धरल्या, कोंबड्या धरल्या, डाळिंब लावले. बारामतीत एमआयडीसी आली, वाहनांचा आणि दुग्धप्रक्रियेचा असे मोठे कारखाने आले. भिगवणला उजनीच्या माशांचा बाजार भरू लागला. म्हणजे २०२० सालच्या मार्चमध्ये इथे जे थांबले ते एकाच धंद्याचे नव्हते. आणि जे थांबवता येत नव्हते तेही पुष्कळ होते.

मार्चच्या अखेरीस बारामती शहरात पहिला रुग्ण सापडला आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आणखी काही. शहरातले सुरुवातीचे रुग्ण विमानाने आलेले नव्हते. रोज रस्त्यावर फिरून पोट भरणाऱ्यांपैकी होते, त्यामुळे संसर्ग कुठून कुठे गेला असेल याचा अंदाज बांधणे अवघड होते. पहिला मृत्यूही लवकरच झाला. राजस्थानातल्या भिलवाडा या कापडगिरणीच्या शहराने सीमा बंद करून आणि घरोघर पाहणी करून साथ आवरली होती, त्याची देशभर चर्चा होती. तोच धडा बारामतीने गिरवायचे ठरवले. अजित पवार उपमुख्यमंत्री, अर्थमंत्री, पुण्याचे पालकमंत्री आणि इथले आमदारही होते. त्यामुळे निर्णय व्हायला वेळ लागला नाही, हे उघड आहे. ज्या तालुक्यांचा आमदार मंत्रालयात एवढ्या वजनाचा नव्हता, त्यांच्या वाट्याला इतकी तातडी आली नाही, हेही तितकेच खरे.

शहर सील झाले. रस्ते पत्रे आणि बांबू लावून बंद केले. किराणा, भाजी, दूध आणि औषध प्रभागवार नेमलेल्या स्वयंसेवकांकडून घरपोच. लोकांनी यादी द्यायची, दुकानदाराने पिशवी भरायची, स्वयंसेवकाने दारात ठेवायची. घरोघर जाऊन ताप-खोकल्याची विचारणा. रुईचे ग्रामीण रुग्णालय कोरोना रुग्णांसाठी राखले गेले. एप्रिल संपता संपता शहरातले तेव्हाचे रुग्ण बरे होऊन घरी गेले, आणि वर्तमानपत्रांत ‘बारामती पॅटर्न’ हा शब्द रूढ झाला. मे महिन्यात बाहेरगावाहून येणाऱ्यांबरोबर रुग्ण पुन्हा आले, म्हणजे या यशाला मुदत होती. पण त्या महिनाभरात प्रशासनाने एक गोष्ट शिकून घेतली: माल हलता ठेवला तर माणसे घरात थांबतात. बाजार पूर्ण बंद केला असता तर कुठलाही पत्रा कुणाला अडवू शकला नसता.

शेतीच्या बाबतीत हेच देशपातळीवर आधी झाले होते. २७ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने टाळेबंदीच्या आदेशात दुरुस्ती करून शेतीची कामे, शेतमालाची खरेदी, बाजार समित्या, खते-बियाण्यांची दुकाने यांना सूट दिली. माझ्या मते त्या वर्षातला हा सर्वांत परिणामकारक आर्थिक निर्णय होता, आणि तो एक रुपयाही खर्च न करता झाला. अर्थात कागदावरची सूट आणि रस्त्यावरचा नाका यांत फरक असतो. द्राक्षांचा हंगाम ऐन भरात होता. इंदापुरातल्या बोरीसारख्या गावांत काळी द्राक्षे वेलीवर तयार होती आणि व्यापारी फोन उचलत नव्हते. एप्रिलमध्ये पुण्याचे गुलटेकडीचे मार्केट यार्डच बंद पडले. कोंबड्यांचा धंदा तर टाळेबंदीआधीच, चिकनमधून कोरोना होतो या अफवेने मातीत गेला होता. पिल्लांवर आणि खाद्यावर पैसे घालून बसलेल्यांनी पक्षी मिळेल त्या भावाला दिले, काहींनी फुकट वाटले. शेतकरी गटांनी पुण्यातल्या सोसायट्यांच्या फाटकापर्यंत भाजी-फळांच्या गाड्या नेल्या, सरकारी यंत्रणेने त्यांना परवाने दिले. त्यातून काहींचा माल निघाला. सगळ्यांचा निघणे शक्यच नव्हते.

दुधाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण सरकारने सरळ बाजारात उतरून केलेली कृती इथे दिसते.

गाय दिवसातून दोनदा पिळावीच लागते. पहाटे गावच्या डेअरीवर किटल्या येतात, दुधाचा नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचे (फॅट वगळता बाकीच्या घन घटकांचे) आकडे निघतात आणि त्यावर लिटरचा दर ठरतो. गायीच्या दुधाचे प्रमाण मानतात ते ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ. नोंद सभासदाच्या कार्डावर होते, बिल दर दहा दिवसांनी. या बिलावर किराणा, पेंड, मुलाची फी, सोसायटीचा हप्ता असे सगळे बेतलेले असते. उसाचे पैसे वर्षातून दोन-तीनदा येतात, दुधाचे महिन्यातून तीनदा. टाळेबंदीत हॉटेले, मिठाईची दुकाने, चहाच्या टपऱ्या आणि लग्नकार्ये एका रात्रीत बंद झाली. पिशवीतले घरगुती दूध विकले जात राहिले, पण बाकीचे दूध उरले. उरलेले दूध ठेवता येत नाही. त्याची भुकटी आणि लोणी करावे लागते, आणि भुकटीचे भाव जगभर पडले होते. संघांनी आणि खासगी डेअऱ्यांनी दर उतरवले, काहींनी आठवड्यातून एखाद्या वेळचे संकलनच बंद ठेवले.

मार्चच्या अखेरीस राज्य सरकारने जाहीर केले की रोजचे दहा लाख लिटर अतिरिक्त दूध लिटरला २५ रुपयांनी सरकार घेईल. राज्याचा सहकारी दूध महासंघ म्हणजे महानंद त्याची भुकटी आणि लोणी करून ठेवील. शंभर लिटर गायीच्या दुधातून साधारण साडेआठ किलो भुकटी आणि चार किलो लोणी निघते. विकायची कधी, कोणत्या भावाने, याची शाश्वती नव्हती. तोटा होणार हे धरूनच निर्णय घेतला होता. सुरुवातीला दोन महिन्यांसाठी असलेली योजना पुढे वाढवली गेली. बारामती तालुका दूध संघासारख्या सहकारी संघांना यामुळे संकलन चालू ठेवता आले. ज्या घरात सहकारी डेअरीचे कार्ड होते तिथे दहा दिवसांचे बिल येत राहिले.

पण राज्यात संघटित क्षेत्रातले दूधच दिवसाला कोटीभर लिटरच्या वर जाते आणि त्यातले बहुतेक खासगी डेअऱ्या घेतात. इंदापूर हा तर खासगी दूध उद्योगाचाच तालुका. योजना सहकारी संघांपुरती होती. खासगीला दूध घालणाऱ्याला जुलैपर्यंत लिटरला वीस रुपयांच्या आसपास आणि त्याखालीही दर मिळाला, म्हणजे पेंडीचा खर्चही सुटेना. जुलै-ऑगस्टमध्ये दूध आंदोलने पेटली, आणि ऑगस्टच्या अखेरीस शेतकरी नेते राजू शेट्टी यांनी मोर्चा आणला तो थेट बारामतीत. मागणी साधी होती: अनुदान संघाला नको, दूध घालणाऱ्याच्या खात्यावर द्या. ती तेव्हा मान्य झाली नाही. एकाच गल्लीत, एकाच जातीच्या गाई बाळगणाऱ्या दोन घरांपैकी एकाला २५ रुपये मिळाले आणि दुसऱ्याला मिळाले नाहीत. कारण एवढेच की दूध कुठल्या डेअरीला जाते.

इकडे तिजोरीत पैसा येणे थांबले होते. ३१ मार्चला अर्थमंत्र्यांनी जाहीर केले की मार्चचा पगार दोन टप्प्यांत मिळेल. मुख्यमंत्री, मंत्री आणि आमदारांचा ६० टक्के भाग मागे ठेवला, पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या अधिकाऱ्यांचा निम्मा, तिसऱ्या वर्गाचा चौथाई. चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्यांना पूर्ण. पुढे आमदारांच्या वेतनात वर्षभर ३० टक्के कपात झाली. ४ मे रोजी वित्त विभागाने जो आदेश काढला तो राज्याच्या इतिहासात क्वचितच निघाला असेल: विकासकामांसाठी तरतुदीच्या फक्त ३३ टक्के पैसे मिळतील, नवी कामे नाहीत, आरोग्य सोडून नवी भरती नाही. रस्ते, इमारती, बंधारे जिथल्या तिथे थांबले. त्याच सुमारास केंद्राने वीस लाख कोटींच्या पॅकेजची घोषणा केली. त्यातला मोठा भाग कर्ज आणि कर्जहमीचा होता. रिझर्व्ह बँकेने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली, रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट सुरू झाले. या धान्याने माणसे जगली, हे कोणत्याही पक्षाच्या माणसाने मान्य करावे.

पैसे नाहीत अशा अवस्थेत राज्याने २२ मे रोजी एक आदेश काढला. त्याची चर्चा फारशी झाली नाही, पण तो धाडसी होता. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत पात्र ठरलेल्या ११ लाख १२ हजार शेतकऱ्यांचे सुमारे ८,१०० कोटी रुपये टाळेबंदीमुळे द्यायचे राहिले होते. जुनी थकबाकी असेपर्यंत बँक नवे पीक कर्ज देत नाही आणि जूनमध्ये खरीप उभा राहणार होता. सरकारने बँकांना सांगितले: ही रक्कम शेतकऱ्याच्या नावे थकीत न दाखवता ‘शासनाकडून येणे’ दाखवा, त्यावर व्याज आम्ही देऊ, शेतकऱ्याला नवे कर्ज द्या. थोडक्यात, सरकारने शेतकऱ्याच्या जागी स्वतःला कर्जदार म्हणून उभे केले. बँकांनी कुरकूर केली, सगळीकडे हे सारखे अंमलात आले नाही. तरीही गावच्या सोसायटीतल्या एका खात्याचा रकाना बदलून पेरणीला पैसा मोकळा करण्याची ही युक्ती, माझ्या मते, कोट्यवधींच्या घोषणांपेक्षा जास्त कामाची ठरली.

ऊसतोड मजुरांची कहाणी याच्या उलट आहे. नगरमधून आणि बीडसह मराठवाड्यातून आलेल्या टोळ्या हंगाम संपत आला तेव्हा कारखान्यांच्या आवारात आणि फडांवर अडकल्या. राज्यात ३८ कारखान्यांवर सुमारे १ लाख ३१ हजार मजूर होते, असे सरकारच सांगत होते. कोप्या पाचटाच्या, पाणी लांब, बरोबर लहान मुले आणि बैल. गावी म्हातारे आईबाप. कुणी चालत निघाले, नाक्यावर अडवले गेले, परत पाठवले गेले. १७ एप्रिलला आदेश निघाला की तपासणी करून, यादी करून, कारखान्यांनी त्यांना गावी पोचवावे. टाळेबंदीला तेव्हा साडेतीन आठवडे झाले होते. मजुराचे नाव कारखान्याच्या वहीत नसते, मुकादमाच्या वहीत असते. त्यामुळे यादी करायची म्हटली की मुकादमाला विचारावे लागले. दूध घालणाऱ्याची नोंद होती, कर्ज घेणाऱ्याची होती, ऊस घालणाऱ्या सभासदाची होती. ऊस तोडणाऱ्याची नव्हती. त्या वर्षातल्या मदतीचा सारा हिशेब माझ्या लेखी इथेच लागतो.

२० एप्रिलनंतर रुग्ण नसलेल्या भागांतले उद्योग अटींवर सुरू होऊ लागले. बारामतीच्या एमआयडीसीत कामावर येणारी माणसे कमी, कच्चा माल अडकलेला, वाहनांना मागणी नाही, अशी अवस्था होती. उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार मे महिन्यात श्रमिक रेल्वेने परतले आणि एसटीने लोकांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत सोडले. जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘पुनश्च हरिओम’ म्हणत टप्प्याटप्प्याने दुकाने उघडली. सप्टेंबरपासून मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवले आणि दस्त नोंदणीला उसळी आली. तिचा फायदा मुख्यतः मुंबई-पुण्याच्या बांधकामाला झाला.

पाऊस त्या वर्षी भरपूर झाला, शेवटी गरजेपेक्षा जास्त. १४ ऑक्टोबरच्या रात्री बारामती-इंदापूरला झोडपून काढणाऱ्या पावसाने ओढे-नाले फुटले, उभा ऊस लोळला, डाळिंबाच्या बागांत पाणी साचले. साथीत तगलेली शेती पाण्यात गेली. २३ ऑक्टोबरला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी दहा हजार कोटींची मदत जाहीर केली: पिकांना हेक्टरी दहा हजार, फळबागांना पंचवीस हजार, दोन हेक्टरांपर्यंत. दरवाढीसाठी ऊसतोड मजुरांनीही त्याच महिन्यात कोयता बंद ठेवला होता. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये शरद पवार यांच्या उपस्थितीत १४ टक्के दरवाढ ठरल्यावर टोळ्या निघाल्या.

५ मार्च २०२१ रोजी राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल आला. राज्याची अर्थव्यवस्था आठ टक्क्यांनी आकसली असा अंदाज होता. उद्योग उणे ११.३, सेवा क्षेत्र उणे ९, आणि शेती व संलग्न क्षेत्रे अधिक ११.७ टक्के. सरकारी बाजूने हा आकडा अभिमानाने सांगितला गेला. त्यातला मोठा वाटा पावसाचा होता, हे विसरता येणार नाही. २०१९-२० मध्ये राज्यात ६२ लाख टनांच्या आसपास साखर झाली होती, २०२०-२१ मध्ये ती १०६ लाख टनांवर गेली. हा ऊस पावसाने भरलेल्या धरणांच्या आणि कालव्यांच्या पाण्यावर वाढलेला होता. पण पाऊस पडूनही बी-बियाणे, कर्ज, तोडणी आणि गाळप यांपैकी एखादी कडी तुटली असती तर तो आकडा दिसला नसता. या कड्या जपण्याचे श्रेय सरकारला द्यावे लागेल. किंमतही मोठी होती: त्या वर्षाची महसुली तूट ९,५११ कोटींच्या अंदाजावरून ४० हजार कोटींच्या पुढे गेली. ८ मार्चच्या अर्थसंकल्पात तीन लाखांपर्यंतचे पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्यांना शून्य टक्के व्याजाने देण्याची आणि आरोग्य सुविधांसाठी चार वर्षांत साडेसात हजार कोटींची घोषणा झाली.

ती घोषणा होत होती तेव्हा दुसरी लाट येऊन ठेपली होती. एप्रिल २०२१ मध्ये बारामतीत खाटा मिळेनात, रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते, आणि रिकाम्या कुप्यांत पॅरासिटामॉलचे पाणी भरून विकणारी टोळी बारामतीतच पकडली गेली. एक वर्षापूर्वीच्या ‘पॅटर्न’चा अभिमान बाळगणाऱ्या शहरासाठी ते दिवस फार जड होते. ५ मेपासून शहर-तालुका पुन्हा सात दिवस कडकडीत बंद झाला.

या वेळी मदतीची घोषणा राज्यभरच्या निर्बंधांबरोबरच आली होती, वर्षभरात झालेली ही मोठी सुधारणा होती. १३ एप्रिलला ठाकरे यांनी ५,४७६ कोटींचे पॅकेज मांडले. त्यातले ३,३०० कोटी जिल्ह्यांच्या वैद्यकीय गरजांसाठी होते. उरलेल्यात सात कोटी लोकांना महिनाभर मोफत धान्य, निराधार योजनांच्या ३५ लाख लाभार्थ्यांना दरमहा हजार रुपये आगाऊ, नोंदीत बांधकाम कामगार, घरकामगार, अधिकृत फेरीवाले आणि १२ लाख परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार. रक्कम छोटी होती. पण २०२० साली ज्यांच्यातल्या अनेकांकडे फारसे कुणी पाहिले नव्हते, त्यांची नावे आता अशा यादीत आली. नोंदीत, अधिकृत, परवानाधारक, हे तिन्ही शब्द मात्र त्यातल्या अनेकांना बाहेर ठेवणारे होते. दुसऱ्याची रिक्षा रोजच्या भाड्याने चालवणारा, आठवडी बाजारात पाल टाकून बसणारी, दारोदार भांडी विकणारी बाई, यांच्याकडे दाखवायला कागद नव्हता.

ऊसतोड मजुरांसाठीचे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ कितीतरी वर्षे नुसते कागदावर होते. साथीनंतर त्याला पैशाचा झरा मिळाला: गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्यांकडून दहा रुपये आणि तेवढीच भर सरकारची. २०२१ च्या अखेरीस ग्रामसेवकांनी मजुरांची नोंद करून त्यांना ओळखपत्रे द्यावीत असे आदेश निघाले, आणि एप्रिल २०२२ मध्ये महामंडळाचे कार्यालय पुण्यात उघडले. अडकलेल्या मजुरांची यादी मुकादमाकडे मागावी लागली होती त्या एप्रिलला तेव्हा दोन वर्षे होत होती.